गालबोट

रात्रपाळीला पट्ट्यावरून संत्री येतात,
मिनिटाला किती, ते नोकुझोला मोजत नाही.
तिला पगार मिळतो तो डोळ्यांचा.
डाव्या हाताला युरोप, उजव्या हाताला रसाचा कारखाना,
मधल्या फटीत ते देश
ज्यांना फारसं वावडं नाही.

ती शोधते एक ठिपका.
तिळाएवढा म्हणावं, तर तीळ मोठा वाटेल.
मधोमध राखाडी खळगा, कडेला विटकरी रेघ.
सालीखाली तो उतरत नाही.
फोड तशीच गोड, रस तसाच मनगटापर्यंत ओघळणारा.
बुरशी आहे, सुपरवायझर सांगतो,
झाडाला होते, माणसाला नाही.
माणसाचा फक्त ओव्हरटाइम जातो.

संडेज नदीच्या खोऱ्यात ऑगस्टची थंडी.
खोक्यांवर शिक्के, शिक्क्यांवर सह्या,
सह्यांवर चोवीस दिवसांचं खारं पाणी.

रॉटरडॅमला हिड्डे पोस्तमा कंटेनर उघडतो.
त्याच्याकडे दहापट दाखवणारं भिंग आहे
आणि घरी जुळ्या मुली, ज्यांच्या डब्यात तो
सोललेल्या फोडी भरतो, कुठल्या बागेच्या ते न विचारता.
माणूस वाईट नाही.
सहाशे फळं पाहिली, एकावर एक ठिपका.
ते फळ त्यानं पिशवीत घातलं, चिठ्ठी लावली,
पोलीस काडतूस ठेवतात तसं.
मग उरलेल्या वीस टनांवर तोच गुन्हा.

संत्र्याच्या जातीचं नाव व्हॅलेन्सिया.
त्याच्या वाटेत ट्रॅक्टर आडवे घालणाऱ्या मुलखाचंही
नाव व्हॅलेन्सिया.
एम्पार फेरांडिस म्हणते, हसू नका.
गेल्या वर्षी फळ झाडावरच सोडलं मी,
तोडणीची मजुरी निघेना.
आज माझ्या बागेत तो ठिपका नाही.
उद्या आला, तर फवारायला
जिनिव्हाहून कोण येणार आहे?

जिनिव्हात प्रश्न असा मांडतात:
फेकलेल्या सालीवरची बुरशी
कोरड्या हवेत, जिवंत पानापर्यंत चढेल का?
एक शास्त्रज्ञ म्हणतो, नाही.
दुसरी म्हणते, नाही असं म्हणता येणार नाही.
या दोन वाक्यांच्या मध्ये
चारशे पानं, नऊ दुभाषे, तीन हंगाम.
कलमात लिहिलंय, ‘पुरेसा शास्त्रीय आधार’.
पुरेसा किती, ते तोलायचा काटा
दोघांचाही स्वतःचा, दोघांचाही खरा.
मधल्या सुटीत सगळे रस पितात. खोक्यातला.

मी हे ज्या भाषेत लिहिते आहे, तिथं
देखण्या बाळाच्या गालावर आई
मुद्दाम काजळाचं बोट टेकवते, नजर लागू नये म्हणून.
इथं बोट दिसलं की नजर लागते.
नोकुझोलाला हे सांगायचं, तर मला
तिची टाळूवर टिचकी मारणारी अक्षरं यायला हवी होती.
आली असती तरी ती म्हणाली असती, बरं,
आणि बसची वेळ पाहिली असती.

पाच वीसची बस. पिशवीत उजव्या हाताची संत्री,
घरी न्यायची परवानगी आहे, आठवड्याला एक किलो.
लिलिथा झोपलेली. कानाच्या पाळीखाली तिला तीळ आहे,
जन्माचा.
नोकुझोलाचा अंगठा तिथं जातो,
आपोआप, दहा तासांच्या सवयीनं,
घासून पाहतो: धूळ की डाग.
पुसला जात नाही.
हात उजवीकडे वळायला निघतो
आणि पट्टा नाही, हे त्याच्या उशिरा लक्षात येतं.

मुलगी कूस बदलते. वास येतोय, म्हणते,
सोल ना एक.